लिव्हर आणि किडनीचे रिपोर्ट कसे वाचावेत: पहिल्यांदा कागद हातात घेणाऱ्यांसाठी

गेल्या वर्षी माझ्या आत्याने रक्ततपासणीचा कागद माझ्यासमोर ठेवला आणि विचारले, "कुठेच जाड अक्षर नाही, म्हणजे सगळं ठीक आहे ना रे?" कागदावर क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.१ होते आणि शेजारी लॅबने ०.६ ते १.१ अशी मर्यादा छापली होती, त्यामुळे जाड अक्षर नव्हते हे खरेच होते. मात्र तिच्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जुने रिपोर्टही होते. बासष्टाव्या वर्षी ०.७, चौसष्टाव्या वर्षी ०.९ आणि आता पासष्टाव्या वर्षी १.१. तिन्ही आकडे मर्यादेत बसणारे होते, पण तीन कागद ओळीने मांडल्यावर किडनीचे काम वर्षागणिक उतरत चालल्याचे दिसत होते. गुडघेदुखीसाठी ती जवळजवळ रोज वेदनाशामक गोळी घेत होती आणि कोणी विचारले नाही म्हणून तिने ते कोणत्याच डॉक्टरांना सांगितलेले नव्हते.

अशा कागदासमोर पहिल्यांदा बसणाऱ्या वाचकांसाठी हे लिहीत आहे. निदान डॉक्टरांनीच करायचे आहे. पण कोणता आकडा कशाबद्दल बोलतो, तो कशामुळे फसवतो आणि कोणत्या दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवून वाचायचा, एवढे कळले तरी डॉक्टरांसमोरची दहा मिनिटे पुष्कळ कामी येतात.

पहिली पायरी: नमुना देण्याआधी

लिव्हर आणि किडनीच्या तपासण्यांसाठी सहसा उपाशी राहावे लागत नाही. त्याच रक्तातून साखर आणि कोलेस्टेरॉलही पाहायचे असते म्हणून लॅब ८ ते १२ तास उपाशी यायला सांगते. त्या काळात साधे पाणी जरूर प्यावे, कारण शरीरात पाणी कमी असताना युरिया (प्रथिनांपासून तयार होणारा टाकाऊ पदार्थ) वाढलेला दिसतो. आदल्या रात्री मटणाचे भरपेट जेवण झाले असेल तर क्रिएटिनिन तात्पुरते वर जाऊ शकते, कारण शिजवलेल्या मांसातच क्रिएटिनिन असते. जिममध्ये जाणाऱ्या तरुणांनी दोन-तीन दिवस जड व्यायाम टाळावा आणि क्रिएटिनची पावडर घेत असल्यास ते डॉक्टरांना सांगावे. स्नायूंना ताण बसला की त्यांतून लिव्हरच्या तपासणीत मोजली जाणारी विकरे (एन्झाइम), म्हणजे एसजीओटी आणि थोड्या प्रमाणात एसजीपीटीही, रक्तात उतरतात, आणि निरोगी लिव्हरवर विनाकारण संशय येतो.

रक्त घेताना मूठ पुन्हापुन्हा आवळू नये, कारण त्याने पोटॅशियम वाढून दिसते. रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी फिकट निळ्या झाकणाची नळी वापरतात. त्या नळीत ठरावीक प्रमाणात द्रव असतो आणि त्याच्या नऊपट रक्त भरावे लागते, म्हणून नळी खुणेपर्यंत भरली गेली नाही तर निकाल चुकतो. शीर सापडत नसेल आणि नळी अर्धीच भरली असेल, तर पुन्हा रक्त द्यायला कुरकुर करू नये. लघवीचा नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा आणि मधल्या धारेचा द्यावा. मासिक पाळी चालू असेल, ताप असेल किंवा लघवीला जळजळ होत असेल तर प्रथिनांची तपासणी पुढे ढकलणे चांगले.

दुसरी पायरी: आकड्यांकडे जाण्याआधी कागद पाहावा

नाव, वय, लिंग, नमुना घेतल्याची वेळ आणि एकक या पाच गोष्टी आधी तपासाव्यात. वय किंवा लिंग चुकीचे टाकले गेले असेल तर किडनीचा हिशेबच चुकतो. एककाची अडचण परदेशातल्या मराठी कुटुंबांना हमखास येते. भारतात क्रिएटिनिन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, तर ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये. आपल्या आकड्याला ८८.४ ने गुणले की तिकडचा आकडा मिळतो, म्हणजे इथले १.१ तिथे ९७ होते. लंडनच्या मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांचा आकडा एकदम ९७ झाला म्हणून घाबरू नये, तो इथलाच १.१ असतो.

शेजारी छापलेली मर्यादा कुठून येते हेही जाणून घ्यावे. निरोगी माणसांच्या मोठ्या गटाची तपासणी करून मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात बसतात तो पट्टा बहुधा मर्यादा म्हणून छापला जातो. म्हणजे पूर्ण निरोगी माणसांपैकीही वीसात एक जण त्याबाहेर पडणारच. वीस वेगवेगळ्या, परस्परांशी संबंध नसलेल्या तपासण्या केल्या तर निरोगी माणसाचाही एखादा तरी आकडा बाहेर पडण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के भरते. भल्यामोठ्या पॅकेजमधले एक जाड अक्षर पाहून झोप उडवून घेऊ नये, आणि आत्याच्या कागदासारख्या स्वच्छ कागदावर डोळे मिटून विसंबूही नये.

तिसरी पायरी: क्रिएटिनिन आणि त्यामागचा खरा आकडा

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ आहे. किडनी तो गाळून बाहेर टाकते, म्हणून गाळण कमी झाली की तो रक्तात साठतो. पण तो तयार किती होतो हे स्नायूंवर अवलंबून असते. पिळदार शरीराच्या पंचविशीतल्या तरुणात तो मुळातच जास्त असतो, तर हडकुळ्या आजींमध्ये बराच कमी. म्हणून क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांच्यावरून ईजीएफआर नावाचा आकडा काढतात. किडन्या मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळून स्वच्छ करतात याचा तो अंदाज असतो.

२०२१ साली सुधारलेल्या सूत्राने हिशेब केला तर १.१ क्रिएटिनिन असलेल्या २५ वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर सुमारे ९५ येतो. तेच १.१ क्रिएटिनिन ६५ वर्षांच्या स्त्रीचे असेल तर तो सुमारे ५६ येतो. आकडा एकच, पण एकाची किडनी उत्तम चालते आहे आणि दुसरीची चौकशीची वेळ आली आहे. आत्याचा हिशेब मांडला तेव्हा बासष्टाव्या वर्षीचे सुमारे ९८ चौसष्टाव्या वर्षी ७१ आणि पासष्टाव्या वर्षी ५६ झालेले होते. तिच्या रिपोर्टवर ईजीएफआर छापलेलाच नव्हता. तुमच्या रिपोर्टवरही नसेल तर लॅबकडे मागावा. त्यासाठी वेगळे रक्त लागत नाही.

ढोबळमानाने ९० च्या वर चांगले, ६० ते ८९ मध्ये लघवीत प्रथिने किंवा अन्य बिघाड नसेल तर सहसा काळजीचे कारण नाही, ६० च्या खाली तज्ज्ञांचे लक्ष हवे, ३० च्या खाली किडनीतज्ज्ञांकडे जाणे टाळू नये आणि १५ च्या खाली किडनी निकामी होण्याचा टप्पा मानतात. मात्र ६० च्या खालचा आकडा किमान तीन महिने टिकला तरच त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात. जुलाब-उलट्यांनंतर किंवा भर उन्हात काम केल्यानंतर एकदा घसरलेला आकडा पुन्हा वर येऊ शकतो. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि किडनी अचानक बिघडलेले रुग्ण यांना हे सूत्र लागू पडत नाही. गरोदरपणात किडन्या जास्त गाळतात, त्यामुळे क्रिएटिनिन एरवीपेक्षा खाली जाते आणि एरवी नेहमीचा वाटणारा १.० हा आकडाही त्या काळात डॉक्टरांना दाखवावा असा असतो.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल मला मनापासून सांगायचे आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी औषधे किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या व लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या सोबतीला असतील तर हा धोका वाढतो. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांची कलेवरे खाऊन आपल्याकडची गिधाडे किडनी निकामी होऊन मेली आणि २००६ साली भारताने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. माणसाला हे औषध गिधाडाइतके विषारी नाही, पण मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गोळी वर्षानुवर्षे घेत राहणे सुरक्षितही नाही.

चौथी पायरी: लघवीला दुय्यम मानू नये

रक्ताचा रिपोर्ट जपून ठेवायचा आणि लघवीची तपासणी टाळायची, ही आपल्याकडची जुनी सवय आहे. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांचे तिच्यामुळे फार नुकसान होते. किडनीची चाळणी झिजू लागली की अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीतून गळू लागते, आणि हे पुष्कळदा क्रिएटिनिन हलण्याच्या बरेच आधी घडते. त्यासाठी लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर मागावे. लॅबमध्ये त्याला यूएसीआर किंवा एसीआर म्हणतात. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० मध्ये गळती सुरू झाली आहे आणि ३०० च्या वर ती मोठी आहे. एकदा वाढलेला आकडा आला तर तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासून तीनपैकी दोन नमुने वाढलेले असतील तरच गळती नक्की मानतात. दुसऱ्या प्रकारच्या (टाइप २) मधुमेहात निदान झाल्यापासूनच दरवर्षी ही तपासणी ईजीएफआरसोबत करायची असते.

युरियाबद्दल एकच खबरदारी घ्यावी. काही लॅब युरिया देतात, काही फक्त त्यातला नायट्रोजन मोजून बीयूएन देतात, आणि बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. दोन लॅबचे कागद शेजारी ठेवताना आधी हे पाहावे. क्रिएटिनिन जागेवर आणि युरिया एकटाच वाढलेला असेल तर पाण्याची कमतरता, भरपूर प्रथिनांचा आहार किंवा पोटातील रक्तस्राव यांचा विचार डॉक्टर करतात. पोटॅशियम ६ च्या वर दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. नळीतल्या लालपेशी फुटल्यामुळेही ते वाढलेले दिसते, पण ते फुटलेल्या पेशींमुळे आहे की खरे आहे, हे घरी बसून ठरवता येत नाही.

पाचवी पायरी: लिव्हरचे आकडे गटांत वाचावेत

लिव्हर फंक्शन टेस्ट हे नाव थोडे दिशाभूल करणारे आहे, कारण त्यातले सर्वांत चर्चेत असणारे दोन आकडे, एसजीपीटी आणि एसजीओटी, लिव्हर किती काम करते हे सांगतच नाहीत. ही लिव्हरच्या पेशींच्या आतली विकरे आहेत. पेशींना इजा झाली की ती रक्तात सांडतात. एसजीपीटी मुख्यतः लिव्हरचे असते, तर एसजीओटी स्नायू, हृदय आणि लालपेशींमध्येही असते. लॅब वरची मर्यादा बहुधा ४० किंवा त्याहून जास्त छापतात. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र २०१७ साली खरोखर निरोगी माणसासाठी एसजीपीटीची वरची हद्द पुरुषांत ३३ आणि स्त्रियांत २५ पर्यंतच मानली. पोट सुटलेल्या, साखर काठावर असलेल्या माणसाचा ३८ हा आकडा म्हणूनच निर्धास्त होण्यासारखा नाही.

दुसरा गट अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी या विकरांचा. पित्ताच्या वाटेत अडथळा आला की हे दोन्ही वाढतात. अल्कलाइन फॉस्फटेज हाडांतून आणि गरोदरपणी वारेतूनही येते, त्यामुळे वाढत्या वयाच्या मुलात किंवा गरोदर स्त्रीत ते एकटेच वाढलेले असेल तर सहसा लिव्हरचा दोष नसतो. जीजीटी सोबत वाढले असेल तर बोट पित्ताकडे जाते. एसजीपीटी आणि एसजीओटी हजारांत आणि अल्कलाइन फॉस्फटेज थोडेसेच वाढलेले असेल तर पेशींना तडाखा बसला आहे, जसा पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई मध्ये बसतो. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त आणि दोन्ही काही शेकड्यांच्या आतच असतील तर डॉक्टर दारूबद्दल विचारतात. तेव्हा खरे सांगावे.

तिसरा गट बिलिरुबिनचा, म्हणजे जुन्या लालपेशी मोडून तयार होणाऱ्या पिवळ्या द्रव्याचा. हे साधारण ३ च्या आसपास गेले की डोळ्यांत पिवळेपणा दिसू लागतो. एकूण आकड्यापेक्षा त्याचे दोन भाग महत्त्वाचे असतात: लिव्हरने प्रक्रिया केलेला डायरेक्ट आणि प्रक्रिया न झालेला इनडायरेक्ट. डायरेक्ट भाग वाढला, लघवी गडद पिवळी झाली, शौच पांढुरके झाले आणि अंगाला खाज सुटली तर पित्तनळीत खडा किंवा गाठ अडकल्याचा संशय घेऊन सोनोग्राफी करतात. इनडायरेक्ट भाग वाढला असेल तर लालपेशी जास्त प्रमाणात फुटत आहेत का ते पाहतात. सिकलसेलचा आजार असलेल्या नंदुरबार, गडचिरोलीकडच्या कुटुंबांनी ही शक्यता डॉक्टरांना आवर्जून सांगावी. लालपेशी फुटत नसतील, बाकीचे सगळे आकडे सरळ असतील आणि उपास केला की बिलिरुबिन दीड-दोनवर जात असेल, तर बहुधा गिल्बर्ट नावाची जन्मजात, निरुपद्रवी ठेवण असते आणि तिला औषध लागत नाही.

कावीळ झाली की आपल्याकडे माळ घालतात किंवा कावीळ उतरवून घेतात. हिपॅटायटिस ए बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरा होतो, त्यामुळे श्रेय माळेला मिळते. खडा, गाठ किंवा हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाचे मात्र ते आठवडे हातचे जातात. हिपॅटायटिस ई गरोदर स्त्रीच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून गरोदरपणातल्या काविळीत एक दिवसही घरी काढू नये.

सहावी पायरी: लिव्हरचे खरे काम कुठे दिसते

लिव्हर अल्ब्युमिन बनवते आणि रक्त गोठवणारे घटक बनवते. म्हणून तिचे काम पाहायचे तर अल्ब्युमिन, प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) किंवा त्यावरून काढलेला आयएनआर, आणि बिलिरुबिन पाहावे. अल्ब्युमिन रक्तात बराच काळ टिकते आणि निम्मे व्हायला सुमारे तीन आठवडे घेते, त्यामुळे ते जुन्या आजाराची खबर देते. आयएनआर मात्र एक-दोन दिवसांतच बिघाड दाखवते. आठवडाभरापूर्वी २५०० असलेले एसजीपीटी आज ४०० वर आले म्हणून घरचे सुटकेचा श्वास टाकतात, पण त्याच वेळी बिलिरुबिन आणि आयएनआर चढत असतील तर सांडायला पेशीच उरत नसल्याची ती खूण असू शकते. असा रुग्ण बरळत असेल किंवा दिवसा झोपून रात्री जागत असेल तर त्याला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे.

फॅटी लिव्हर निघालेल्यांनी फिब-फोर हा साधा हिशेब डॉक्टरांकडून करून घ्यावा. वय गुणिले एसजीओटी, या गुणाकाराला हजारांत मोजलेल्या प्लेटलेट आणि एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचे. समजा दोघांचेही एसजीपीटी ६४ आहे, म्हणजे वर्गमूळ ८. पहिला ४५ वर्षांचा, एसजीओटी ४८, प्लेटलेट २ लाख ७० हजार. त्याचे उत्तर १.० येते. दुसरा ५८ वर्षांचा, एसजीओटी ६०, प्लेटलेट १ लाख २० हजार. त्याचे उत्तर ३.६ येते. १.३ च्या खाली लिव्हर कडक झाल्याची शक्यता कमी असते आणि २.६७ च्या वर ती बरीच असते. पासष्टीनंतर खालची हद्द २ धरतात. दोघांचेही एसजीपीटी सारखेच, पण दुसऱ्याला फायब्रोस्कॅनसारखी, लिव्हरचा कडकपणा मोजणारी पुढची तपासणी लवकर हवी. डेंग्यूमध्ये प्लेटलेट पडतात आणि एसजीओटी चढते, त्यामुळे तापाच्या दिवसांत हा हिशेब मांडू नये.

लिव्हर बरीच कडक झालेली असतानाही एसजीपीटी अगदी मर्यादेत असू शकते. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी म्हणूनच आयुष्यात एकदा तरी वेगळी करून घ्यावी. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात.

सातवी पायरी: दोन्ही अवयव एकमेकांशेजारी

युरिया लिव्हरमध्ये तयार होतो. लिव्हर खूप खराब झाली की तो कमी बनतो, आणि त्याच रुग्णाचे स्नायू झिजलेले असल्याने क्रिएटिनिनही कमी येते. अशा कागदावर किडनी उत्तम असल्याचा भास होतो. लिव्हरचा जुना आजार असलेल्या माणसाचे क्रिएटिनिन ०.६ वरून १.० वर गेले, तर ते मर्यादेत आहे म्हणून सोडून देऊ नये. तेव्हा किडनीची गाळण दाखवणारे पण स्नायूंवर फारसे अवलंबून नसलेले रक्तातले सिस्टॅटिन सी तपासावे का, हे डॉक्टरांना विचारावे.

आठवी पायरी: डॉक्टरांकडे काय न्यावे

वहीच्या एका पानावर तारखा उभ्या लिहून त्यांच्यासमोर क्रिएटिनिन, ईजीएफआर, एसीआर, एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि प्लेटलेट मांडावेत. शक्यतो एकाच लॅबमधून तपासावे. त्याच पानाच्या मागे घेत असलेली प्रत्येक गोष्ट लिहावी: टीबीची औषधे, पॅरासिटामॉल, प्रोटीन पावडर, काढे, चूर्णे, भस्मे. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांना लिव्हरचा दाह झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आणि आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञांचा आहे, पण आपण काय घेतो हे डॉक्टरांना ठाऊक असावे यात वाद नाही.

आत्याचे असे पान आम्ही दोघांनी बसून तयार केले. डॉक्टरांनी ते वाचले, गोळीचे नाव विचारले, ती बंद करून गुडघ्यासाठी व्यायाम आणि दुसरा उपाय दिला आणि लघवीची एसीआर करायला सांगितली. ती १८ आली. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन ०.९ होते, म्हणजे ईजीएफआर सुमारे ७०. पुढच्या तपासणीची तारीख तिने त्याच पानावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे.